बाहेरून कडी

वाडीत आमच्या शेजारच्या खोलीत एक मावशी राहायच्या. त्यांना विचारणं माहीतच नव्हतं, त्या थेट सांगायच्या. "केस विंचर." "भाजी आणली, खाऊन घे." रस्त्यावरच्या ट्रकांच्या हॉर्नवरही त्यांचा आवाज चढायचा.

माझा मुलगा तेव्हा दोन महिन्यांचा होता आणि दिवसभर रडायचा. नवरा मिहानमधल्या कंपनीत कामावर गेला की घरात मी एकटी. एका दुपारी माझा तोल गेला आणि त्या एवढ्याशा जिवावर मी जोरात ओरडले. मग माझी मलाच भीती वाटली.

मावशी आत आल्या. त्यांनी बाळाला माझ्याकडून घेतलं. "झोप वं आता," म्हणाल्या आणि जाताना दाराला बाहेरून कडी घालून गेल्या.

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी दार वाजवलं.

"काहून उठली वं एवढ्यात?" मावशींनी कडी काढली. त्यांच्या खांद्यावर बाळ तेल लावून, न्हाऊन शांत झोपलं होतं. ते पाहून मला रडूच कोसळलं.

"रडून घे," मावशी हसत म्हणाल्या. "त्याचं तं झालं. आता तुझा नंबर."