अकरा पानं ऐकली

आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी निवडली आणि ट्रस्टींची आचारसंहिता वाचली. भाजी मी निवडत होतो, वाचत ती होती. रविवार होता. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या आमच्या घरासमोरच्या ओट्यावर दहाच्या सुमाराला घडीभर ऊन येतं, तिथे बसलो होतो.

ट्रस्टी म्हणजे मी. सहावी शिकलेला. रोलिंग मिलमध्ये जन्म गेला. मिलच्या लोकांची पेन्शन एक ट्रस्ट सांभाळते. त्यात तीन माणसं मालकाची, तीन कामगारांची, आणि कामगारांच्या तिघांत एक रिटायर झालेला पाहिजे असा नियम आहे. रिटायर लोकांनी मला पाठवलं, कारण मी मोठ्याने बोलतो. वाचता येतं का, हे कोणी विचारलं नाही. हिंदी मी वाचतो, पण अक्षर लावून लावून. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरतो. बायको मॅट्रिक होती, बालवाडीत शिकवायची.

पहिल्या वर्षी मी तिला काही दाखवत नव्हतो. फाईल यायची, सगळ्यांनी सही केलेली असायची, मीही करायचो. मग एक दिवस एक बाई दारात आली. माझ्याच खात्यातल्या माणसाची बायको, तो नुकताच वारला होता. त्यांच्यात दुसऱ्या लग्नाला भटजी नसतो, पत्रिका नसते. नवऱ्याने बाईच्या हातात चूडी घातली की लग्न झालं. तशीच पंचवीस वर्षं त्याच्या घरात राहिलेली बाई. तिला ऑफिसने सांगितलं, नवा ठराव झाला आहे, लग्नाचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर पेन्शन नाही. ती भांडली नाही. पदरातून कागद काढला, शेवटच्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "भैया, ए म तो तुंहर दसखत हे."

सही माझीच होती. मला ठराव काय होता तेही माहीत नव्हतं.

ती गेल्यावर बायको आतून आली. म्हणाली, "वाचल्याबिगर सही काहून केली?"

"सगळ्यांनी केली होती."

"सगळ्यांच्या दारात गेली का ती? ती इथं आली."

त्या दिवसापासून फाईल तिच्या हातात. ती एक कलम हिंदीत वाचायची, मग म्हणायची, "सांगा बरं, काय समजलं?" मी माझ्या शब्दांत सांगायचो. बरोबर निघालं की पेन्सिलीने टिक. नाही सांगता आलं की पुन्हा वाचायची. मला जे सांगता येत नाही त्याच्यावर मी सही करायची नाही, असं ठरलं होतं. मीटिंगमध्ये नवा रायपूरच्या मोठ्या टेबलावर साहेब लोक माझ्या पेन्सिलीच्या खुणा पाहून हसायचे. हसू दे. त्या बाईचा ठराव बदलायला मला दोन वर्षं लागली. गावच्या सरपंचाचा दाखला चालेल, एवढं करून घेतलं.

तर त्या रविवारी नव्याने लिहिलेली आचारसंहिता सहीला आली होती. सतरा पानं. ट्रस्टीने कसं वागावं, कोणाच्या बाजूने बोलू नये, काय लपवू नये. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की प्रत्येक ट्रस्टीने कागद स्वतः वाचलेले असले पाहिजेत. ती चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाली, "घ्या. तुम्ही तर इथंच आउट."

"ऐकलेलं चालत नाही का?"

"लिहिलं नाही. विचारा साहेबाले." तिने तिथे प्रश्नचिन्ह काढलं.

चौथ्या पानावर जुनाच नियम होता की घरोघरी फाईल फिरवून सह्या घेतल्या, आणि एकाही ट्रस्टीने लेखी म्हटलं की यावर बसून बोलायचं आहे, तर मीटिंग घ्यावीच लागते. हे मी एका फटक्यात सांगितलं. ती म्हणाली, "हे बरं समजते तुमाले, भांडायचं असलं की." टिक.

अकरा पानं झाली. तिने पुढचं पान उलटून पाहिलं आणि थांबली. म्हणाली, "बायांच्या लग्नाच्या कागदांचं कलम पुन्हा आणलं यांनी, आचारसंहितेत घुसवून. बाराव्यावर आहे. हे नीट वाचावं लागन. उद्या." डोकं जड झालं म्हणाली. निवडलेली भाजी घेऊन आत गेली.

मी देठं गोळा करून गाईला टाकून आलो. आत गेलो तर ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली होती. मी म्हटलं, इथं काहून बसली. मग कळलं.

दवाखान्यात डॉक्टरने दोन मिनिटं पाहिलं आणि मान हलवली. मुलगी भिलाईहून तासाभरात आली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून शेजारीण ती निवडलेली भाजी घेऊन गेली आणि शिजवून भाताबरोबर पाठवली. मी जेवलो. मीठ कमी होतं. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. लोक म्हणतात येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ट्रस्टचं काम पाहणाऱ्या साहेबाचा फोन. कोणीतरी सांगितलं असावं. "दादा, बहुत दुख हुआ. आप आराम कीजिए. ड्राइवर भेजा है, बस आख़िरी पन्ने पर दस्तख़त कर दीजिए. बाक़ी पाँचों के हो गए हैं." मग म्हणाला, "और दादा, आपके फ़ॉर्म में नॉमिनी भी बदलना पड़ेगा. वो बाद में."

मी फोन ठेवला.

मुलीने फाईल पाहिली. ती मराठी समजते, बोलते हिंदीत. "बाबा, छह पन्ने ही तो हैं. मैं पढ़ देती हूँ." आणि तिने वाचले. मोबाइलवरचे मेसेज वाचतात तसे, भराभर, मध्ये नाक पुसत. सतराव्या पानावर येऊन तिने पेन माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "तू विचारलं नाही."

"क्या?"

"काय समजलं ते."

मग म्हणाली, "अच्छा. क्या समझे?"

मला एक शब्द सांगता आला नाही. बाराव्या पानावर त्या बायांचं काय केलं, सरपंचाचा दाखला ठेवला की काढला, काहीच नाही. आवाज आला होता, तो गेला. पाच सह्या खालोखाल होत्या. सहावी जागा रिकामी होती, तिच्यापुढे मुलीने पेन्सिलीने बारीक फुली केली होती, मी चुकू नये म्हणून.

गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला. मी मुलीच्या बॅगेतून कोरा कागद मागून घेतला आणि हिंदीत लिहिलं. लिहायला वेळ लागला, ड्राइवर दारात येऊन उभा राहिला. लिहिलं की मी अकरा पानं ऐकली आहेत, पुढची सहा नाहीत. यावर मला बसून बोलायचं आहे. मीटिंग घ्या. खाली सही केली.

ड्राइवर म्हणाला, "दादा, साहब ने फ़ाइल मँगाई है."

"फाईल राहू दे. हा कागद दे. म्हणावं, पान चार पाहा."

तो गेला. मुलगी म्हणाली, "अब?"

मी पेन्सिल तिला दिली आणि ओट्यावर जाऊन बसलो. ऊन अजून आलं नव्हतं. म्हटलं, "बारावं पान काढ. हळू वाच."