वसंताचे अंथरूण

शरद आणि कुमुद, तुमची आत्याआजी गेल्याची तार तुम्हाला पोचली त्याला आता काही आठवडे झाले. तारेत फार काही लिहिता येत नाही. नंतर तुमच्या बाबांचे पत्र आले. आता वसंताला निजवायचे कुठे, त्याच्याजवळ कोण निजणार, मुंबईहून कठड्याची नवी लोखंडी खाट पाठवायची का, असे त्यांनी विचारले होते. त्यांना मी थोडक्यात उत्तर लिहिले आहे. पण तुम्ही दोघे आता जाणते झालात. तुमचा धाकटा भाऊ मुळशीच्या या घरात आजवर जिवंत राहिला तो कसा, हे तुम्हाला नीट ठाऊक असावे, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. सवड पुष्कळ आहे. दिवसकार्य झाले, पाहुणे गेले, भांडीकुंडी जागच्या जागी गेली... सकाळची कामे आटोपली की पुढे काय करायचे ते सुचत नाही. लिहिलेले मासिकाकडेही धाडणार आहे, कारण असे मूल घरात असलेली माणसे बरीच असतात आणि ती त्याबद्दल कोणापाशी बोलत नाहीत.

तुम्ही त्यांना आत्याआजी म्हणता, मी वन्सं म्हणत असे. तुमच्या आजोबांची ती धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या परकर नेसून चिंचेवर चढत. पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आल्या आणि त्याच दिवशी त्यांची गादी गेली. आमच्यात विधवेने गादीवर, पलंगावर निजायचे नाही. भुईवर घोंगडी टाकायची आणि हाताची उशी करायची, अशी रीत. ती गादी काढून नेली त्यांच्या आईनेच, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. रडत रडत नेली, पण नेली. पुढे सासरे वारले आणि सासूबाईंचीही गादी गेली. मायलेकी एकाच खोलीत दोन घोंगड्यांवर निजू लागल्या. याबद्दल घरात कधी कोणी बोलले नाही.

एवढे सोसून वन्संची जीभ मात्र जशीच्या तशी तिखट राहिली. मी पुण्याच्या शाळेत इंग्रजी शिकलेली, मला सगळे नीटनेटके लागते. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, एक चिठ्ठी माझ्या कपाळावरही लावा हो. नाहीतर एखाद दिवशी मीठ समजून आमटीत टाकाल." आमचे भांडण कधी झाले नाही असे नाही. पण भांडून झाले की दोघी एकाच परातीत तांदूळ निवडायला बसत असू.

वसंता दीड वर्षाचा असताना त्याला झटके येऊ लागले, हे तुम्हाला अंधूक आठवत असेल. तुमच्या बाबांची नैरोबीची नोकरी ठरली होती. बोटीचा प्रवास या मुलाला झेपणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, म्हणून तुम्ही चौघे निघालात आणि तो इथे राहिला. तुमच्या आईने त्याला वन्संच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आत्याबाई, याला पडू देऊ नका." गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती मागे वळून पाहत होती... वन्संनी मान वर केली नाही. त्या पोराच्या अंगावरचे दुपटे सारखे करत बसल्या.

झटके येत ते बहुतेक झोपेत. कधी पहाटे, कधी दुपारच्या झोपेत. अंग ताठ होई, मग हातपाय उडू लागत, तोंडाला फेस येई. पौडचे डॉक्टर म्हणाले, "झटका थांबवणं माझ्या हातात नाही. पण झटक्यात मूल उंचावरून पडतं, कशात तरी अडकतं, नाहीतर त्याचं तोंड दाबलं जातं. घात होतो तो त्यानं. निजण्याची जागा नीट निवडा." हे सांगायला सोपे होते. पाळणा त्याला लहान पडू लागला होता, आणि मोठ्या माणसांच्या घरात अशा मुलाला निजवायला जागाच नसते, हे आम्हाला तेव्हा कळले.

माझ्याकडे घरगुती औषधोपचाराचे एक इंग्रजी पुस्तक आहे. त्यात कठड्याच्या खाटेचे चित्र होते. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा पुण्याला लिलाव झाला, त्यात तुमच्या आजोबांनी अगदी तशीच खाट घेतली. पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी गज. बैलगाडीतून ती आली तेव्हा आळी बघायला लोटली. वन्संनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "पिंजरा छान आहे. पोपट कुठाय?" त्या म्हणाल्या. आजोबा हसले नाहीत. पण आम्हा सगळ्यांनाच त्या खाटेचा धीर वाटला होता, वन्संनासुद्धा. मग एका दुपारी वसंताला झटका आला आणि त्याचा हात खांद्यापर्यंत दोन गजांमध्ये गेला. अंग उडत होते आणि हात आत अडकलेला. वन्संनी आपला हात गजांत घालून त्याचे कोपर धरून ठेवले, झटका ओसरेपर्यंत सोडले नाही. हाड मोडले नाही, पण हात सुजून काळानिळा झाला. वन्संच्या मनगटावरही त्या गजांचे वळ बरेच दिवस होते. मग आम्ही गजांना आतून गोधडी बांधली. त्यानंतरच्या झटक्यात त्याचे तोंड गोधडीत रुतले आणि ओठ निळे पडले. खाट गोठ्यात गेली.

मग पलंग भिंतीला टेकवून पाहिला. वसंता भिंत आणि पलंग यांच्या फटीत घसरला. त्याच्या कपाळावरची खूण तेव्हाची. सुंभाची बाज आणली. तिला मध्ये झोळ पडे आणि तो घरंगळून पालथा होई. शेजारून सल्ला आला, की मऊ धोतराने पोराला पलंगाला बांधा. "बांधायचं ते गुराला," वन्सं म्हणाल्या, आणि विषय संपला. त्या दिवसांत त्या त्याला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोप काढत. मी आळीपाळीने बसू म्हणत असे. पण तो माझ्याजवळ असला, की त्या दारातून येऊन बघून जात.

त्याच सुमाराला खोऱ्यात धरणाचे पाणी चढू लागले आणि आम्ही वरच्या अंगाला नव्या घरात आलो. नव्या घराची जमीन ओली. ती चोपायला आणि सारवायला धनगरवाड्यातली सोनाबाई येत असे. तिची मेंढरे खतासाठी आमच्या भातखाचरात बसायची, त्यामुळे घरोबा होता. वन्सं वसंताला मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसल्या होत्या. सोनाबाईने विचारले, "हे एवढं मोठं पोर मांडीव घिऊन का वं बसता?" वन्संनी सांगितले, की कुठेही निजवले तरी पडतो. सोनाबाई हसायला लागली. "आवो, आमची पोरं कुटं पडत्यात? भुईवरनं पडायचं म्हंजी आदी खड्डा खणाया लागंल!"

वन्संही हसल्या. मग ओल्या जमिनीकडे बघत राहिल्या. हे कोणाला आधी सुचले नव्हते असे नाही. सुचले असेल आणि प्रत्येकाने मनातल्या मनात दूर सारले असेल. कारण आमच्यात माणूस शेवटच्या घटका मोजू लागले, की त्याला खाटेवरून उचलून भुईवर घेतात. आजारी मुलाचे अंथरूण भुईवर घालणे म्हणजे त्याची आशा सोडणे. आम्हा मोठ्यांच्या कानांवर हे लहानपणापासून पडलेले.

वन्संनी कोणाला विचारले नाही. माजघराच्या मधोमध, भिंतीपासून, खांबापासून आणि चुलीपासून लांब, त्यांनी तेवढा तुकडा पुन्हा खणवला. खाली गोटे, त्यावर कोळशाची चूर, त्यावर मुरूम घालून सोनाबाईकडून चोपून घेतला. तो पुरता वाळेपर्यंत थांबल्या. मग त्यावर बांबूची चटई, भाताचा पेंढा आणि वर सोनाबाईच्या घरची जाड घोंगडी घातली. उशी नाही. तिसऱ्या प्रहरी वसंताला त्यावर ठेवले, तेवढ्यात सासूबाई देवघरातून बाहेर आल्या.

"अगं, काय केलंस हे?" त्या दारातच खाली बसल्या. "पोरात जीव आहे अजून माझ्या पणतूच्या, आणि भुईवर घेतलंस त्याला?"

वन्सं पेंढ्याची बाहेर आलेली टोके आत खोचत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आई, मी पंधरा वर्षांची असताना मला भुईवर घातलंस. तेव्हा मी मरायला टेकले होते का?"

एक टोक खोचून झाले, त्या दुसऱ्याकडे वळल्या.

"आता तूही निजतेस. सांग की, आपल्या दोघींतली मेली कोण?"

मी तिथे उभी होते. सासूबाई म्हणाल्या, "ते वेगळं." वन्संनी तेव्हा हात थांबवले आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिले. "भुई तीच आहे, आई. तिच्यावरून मी कधी पडले नाही. तेवढं तरी मला तिनं दिलं. तेच याला देते." आवाजात राग नव्हता. थकवा होता. सासूबाई उठून देवघरात गेल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपले एक जुने, मऊ झालेले लुगडे आणून घोंगडीवर घातले. "लोकर टोचेल त्याला," एवढेच म्हणाल्या.

वन्संनी आपली घोंगडी त्याच्या शेजारी घातली. एक हात त्याच्या पाठीवर ठेवून निजत. अंग ताठ होऊ लागले, की हाताला कळे. त्या त्याला दाबून धरत नसत, नुसते कुशीवर वळवत आणि फेस बाहेर पडू देत. सल्ले देणारी माणसे येत, कांदा हुंगवा म्हणत, वहाण हुंगवा म्हणत. "वहाण हवी का? देते हं," वन्सं म्हणत, "पण त्याच्या नाकाला नाही." मुळशीच्या पावसात जमीन कितीही केली तरी दमट होते. म्हणून चटई आणि घोंगडी रोज शेगडीच्या उबेला धरायची, पेंढा वरचेवर बदलायचा, विंचवाकिड्यासाठी अंथरूण झटकायचे. हे सगळे त्या स्वतः करत. कुठल्या लग्नाला, मुंजीला म्हणून मुक्कामाला गेल्या नाहीत. त्यांची झोप कधी पुरी झाली नाही. दुपारी निवडता निवडता सुपावर डुलक्या घेत आणि मी पाहिले की म्हणत, "झोपले नाही हो, खडे जवळून बघतेय." वसंता त्या अंथरुणावर बसला, रांगला, उशिरा का होईना चालू लागला. झटके येतच राहिले. पण तो पडला नाही, अडकला नाही.

यंदा भात कापणीच्या दिवसांत वन्संना ताप आला आणि उतरेचना. त्यांना दुसरीकडे हलवू दिले नाही. वसंताचे अंथरूण थोडे सरकवले, एवढेच. डॉक्टर येऊन गेले आणि अंगणात तुमच्या आजोबांशी हळू बोलले. ते आम्हाला आतूनच कळले. सासूबाई आता पार वाकल्या आहेत. भिंतीला धरत धरत त्या माजघरात आल्या आणि मला म्हणाल्या, "तुझी गादी आण. हिच्याखाली घाल."

माणूस या वाटेला लागले की गादी काढतात, घालत नाहीत. जमलेल्यांत कोणीतरी तसे पुटपुटलेही. मी आजोबांकडे पाहिले. ते म्हणाले, "आई म्हणते तसं करा." आम्ही दोघांनी वन्संना अलगद उचलून गादीवर ठेवले. त्या वयाच्या पंधराव्या वर्षानंतर प्रथमच गादीवर निजत होत्या. सासूबाई गादीची कड धरून उभ्या होत्या. वन्संनी डोळे उघडले, हात बाजूला नेऊन चाचपडल्या. "हे काय घातलंत? काढा," त्या म्हणाल्या. "उंच होतंय. माझा हात पोचत नाही त्याच्यापर्यंत." आम्ही गादी काढली. सासूबाईंनी तिची कड जरा उशिराच सोडली... दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं गेल्या. वसंता तेव्हा बाहेर अंगणात आंघोळ करत होता आणि पाणी कडत आहे म्हणून ओरडत होता.

तुमच्या बाबांना मी लिहिले आहे, की खाट पाठवू नका. वन्संच्या घोंगडीवर आता मी निजते. माझे गुडघे दुखतात, उठताना कोणाचा तरी हात लागतो आणि मलाही आता पुरी झोप अशी लागत नाही. परवा पहाटे झटका आला होता. मी त्याला कुशीवर वळवले. थोड्या वेळाने तो शांत झाला, झोपला, आणि उन्हे आल्यावर उठून त्याने दूधभात मागितला. सुरुवातीचे काही दिवस तो वन्संना हाका मारत असे. हल्ली कमी मारतो. मी किती वर्षे पुरेन ते मला सांगता येत नाही. तुमच्या आईला सांगा, वसंता जिवंत आहे. त्याचा पुढचा दात पडला आणि त्या जागी नवा दिसू लागला आहे.