दहा मिनिटांत उत्तर देणारं कॉलेज

पहिल्यांदा खटकलं ते उत्तराच्या वेगामुळे. ओमानमधल्या अल खौदच्या आमच्या अ‍ॅडमिशन कन्सल्टन्सीतून मी एका कॉलेजला मेल पाठवली, चहा घेऊन जागेवर आले, तर उत्तर हजर. दहा मिनिटांत! खाली सही नुसती ‘सुमेधा’. ना पद, ना शिक्का. मी कप तसाच ठेवला आणि गायकवाड मॅडमच्या, म्हणजे आमच्या बॉसच्या, केबिनमध्ये गेले.

"मॅडम, फ्रॉड आहे."

"दार वाजलं तरी दचकतेस," मॅडम म्हणाल्या. "आता मेल वेळेवर आली म्हणूनही दचक."

या ऑफिसात मला दोन वर्षं झाली. फायली कपाटात मावतात, किस्से मावत नाहीत. कुणी भेटलं की सांडायला लागतात. त्यातले तन्वी गुरवचे मी जरा जपून ठेवलेत.

*

तन्वी किनाऱ्यावरच्या बरका गावची, नुकतीच बारावी झालेली. तिचे बाबा, गुरवकाका, मूळचे संगमेश्वरकडचे. मासळी बाजारातली बर्फाची मशीनं दुरुस्त करतात. तन्वीला महाराष्ट्रात दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक प्रचंड विद्यापीठ, आणि दुसरं डोंगरातलं हे दहा मिनिटंवालं लिबरल आर्ट्स कॉलेज, जिथे एका वर्गात जेमतेम पंधरा मुलं. तन्वीला छोटं हवं, काकांना मोठं. आणि सोमवारी दुपारपर्यंत काकांची सही गेली नाही, तर छोट्याकडची जागा गेली.

"बाबा, तिकडे हिस्टरी आणि फिश दोन्ही शिकता येतं. एकत्र."

"मासळी शिकायची तर शुक्रवारी माझ्यासंगं बाजारात ये. अ‍ॅडमिशन लागत नाय."

*

मोठं म्हणजे किती मोठं, हे दाखवायचंच म्हणून काकांनी एका संध्याकाळी मला जवळच सीबला घरी सोडता सोडता पिकअप वळवली आणि तन्वीला आणि मला अल खौदच्या विद्यापीठाच्या कुंपणाभोवती फिरवलं.

"बघ. कॉलेज असं पाहिजे. सुरू कुठे, संपतं कुठे, कळलं नाय पाहिजे."

बोलण्याच्या नादात वळण चुकलं. तोच राउंडअबाउट आम्ही तीनदा पाहिला. मी दोन्ही हातांनी सीटबेल्ट धरून बसले होते.

तन्वी हळूच म्हणाली, "बाबा, आपण तर बाहेरच लॉस्ट झालो."

काकांनी पुढच्या पेट्रोल पंपावर थांबून रस्ता विचारला.

*

काकांच्या अर्बाबचा, म्हणजे त्यांच्या ओमानी मालकाचा, मुलगा परदेशात अशाच एका बड्या विद्यापीठात शिकतो. काकांनी मोठ्या आशेने विचारलं, कसं काय आहे तिकडे?

अर्बाब म्हणाले, "मैंने बेटे को पूछा, तेरा टीचर कौन? बोला, बाबा, वो माइकवाला."

हे सांगताना काका आमच्या ऑफिसात पोट धरून हसले. मग हसू हळूहळू ओसरलं.

"छोट्या मॅडम, त्या बारक्या कॉलेजात माइक आहे काय?"

"बहुतेक नसावा, काका."

"लागत नसेल," काका स्वतःशीच म्हणाले.

*

तरीही सही काही होईना. "आधी फोन लावा. माणूस उचलतो काय ते बघू," काकांची अट.

स्पीकर ऑन करून आधी मोठ्याला लावला. रेकॉर्ड केलेल्या बाई म्हणाल्या, आपण रांगेत एक्केचाळिसावे आहात. काका खूश. "बघा, डिमांड!"

मग छोट्याला. रिंग वाजून वाजून बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दहा मिनिटांत मेल करणारी माणसं फोन उचलत नाहीत? मी केबिनमध्ये धावले.

"मॅडम, कॉलेजच नाहीये बहुतेक!"

मॅडमनी टेबलावरचं कॅलेंडर माझ्याकडे फिरवलं. "रविवार आहे. आपला कामाचा. त्यांचा सुट्टीचा."

मी इथेच वाढलेली, काकांची गल्फमध्ये वीस वर्षं गेलेली. आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. काका मात्र विचारात पडले. "मग मोठ्याकडे रांगेत चाळीस जण कोण होते?"

"तुमच्यासारखेच," मॅडम म्हणाल्या. "गल्फवाले."

*

सोमवार. फॉर्म टेबलावर, काका समोरच्या खुर्चीत, तन्वी भिंतीला टेकून नखं खातेय. नंबर लावताना माझं बोट दोनदा चुकलं. रिंग सुरू झाली. चार. पाच. सहा.

"खलास," काका म्हणाले. "ठेवा."

तन्वीने डोळे मिटले. मी बंद करणार इतक्यात स्पीकरमधून भांड्यांचा खणखणाट आला आणि धापा टाकणारा एक पुरुषी आवाज.

"ठेवू नका, ठेवू नका! ऑफिसातले सगळे मुलांना घेऊन टेकडीवर गेलेत, मी मेसमधून पळत आलो. कुठून बोलताय?"

"ओमानहून. एका अ‍ॅडमिशनबद्दल..."

"ओमान? म्हणजे तन्वीचंच ना? बरं झालं फोन केलात. तिला भात साधा चालतो, की उकड्या तांदळाचा लागतो?"

काकांनी फोन स्वतःकडे ओढला.

"उकडाच," ते म्हणाले.