एका तेलाची भावंडं

अर्गिरिसच्या टॅक्सीतून बेट पाहायला निघालेल्या माणसाला बेट कमी आणि अर्गिरिसचा गोतावळाच जास्त पाहायला मिळायचा. पवनचक्क्यांपाशी गाडी उभी राहिली की शेजारच्या घरातून हाक यायची, "नुनो!" की चाललाच हा आत. मठापाशी तेच, किल्ल्यापाशी तेच. प्रवासी बिचारे हातात मुरंब्याची बशी धरून कुणाच्या तरी ओसरीवर बसलेले असायचे आणि समुद्र लांबून चमकत असायचा. तक्रार मात्र कुणी करत नसे, कारण मुरंबा चांगला असे.

नुनो म्हणजे धर्मबाप. बाप्तिस्म्याच्या दिवशी पोर हातावर घ्यायचं, आपल्या हाताने त्याला नखशिखांत तेल चोळायचं आणि पुढे दर ईस्टरला मेणबत्ती आणि नवे बूट घेऊन जायचं. अर्गिरिसला आणि त्याच्या बायकोला, कल्लिरोईला, मूल झालं नाही. गावोगावच्या लोकांनी ते पाहिलं आणि एकेक करून आपल्या मुली त्याच्या ओंजळीत टाकल्या. मुलीच. कारण एकाच नुनोच्या हातचं तेल लागलेली पोरं एका तेलाची भावंडं ठरतात, आणि भावाबहिणीचं लग्न कुठला पाद्री लावेल? बेट ते केवढं! नुनोने मुलगे आणि मुली दोन्ही धरले तर अर्धं बेट बिनलग्नाचं राहायचं. म्हणून शहाणा माणूस एकदा मुलींचा झाला की मुलींचाच राहतो.

अर्गिरिस शहाणाच होता. फक्त एकदा घोटाळा झाला.

तो झाला वरच्या गावात, पिर्गाकीत. अनेझो म्हातारीच्या नातवाचा बाप्तिस्मा होता आणि पोराचा ठरलेला नुनो, समुद्रापलीकडच्या पिरेयसचा कुणी दिमोस्थेनिस, वाऱ्यामुळे जहाजातच अडकून पडला होता. पाद्र्याला, पापा-निकिफोरोसला, घेऊन आलेला अर्गिरिस देवळाबाहेर निवांत सिगरेट ओढत होता. अनेझोने त्याची कॉलर धरली आणि त्याला आत ओढलं. अनेझोला नाही म्हणणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा आहे.

सगळं ठीक झालं असतं, पण तेल नुनोने आणायचं असतं. तेल दिमोस्थेनिसजवळ, दिमोस्थेनिस जहाजात. अर्गिरिस धावत टॅक्सीकडे गेला. मागच्या सीटखाली कुणा गोऱ्या बाईची विसरलेली बाटली लोळत होती. आत तेल दिसत होतं. तेल ते तेल, असं म्हणून त्याने ते वाटीत ओतलं आणि पोराला चोपडलं.

आणि देवळात घमघमाट सुटला.

ज्या मुलखात लोक रोज सकाळी डोक्याला खोबरेल थापतात तिथे कुणी मान वळवूनही पाहिलं नसतं. पण पिर्गाकीत तोवर कुणाच्या नाकाला नारळ माहीत नव्हता. बाया गुडघ्यांवर बसल्या. एकीला रडू फुटलं. "स्वर्गाचा वास!" अनेझो ओरडली, "संताने माझ्या नातवाला हात लावला!" त्या दिवसापासून नातवाचं, झान्नीसचं, अंगडं काचेच्या पेटीत घालून तिने देव्हाऱ्यात ठेवलं. पोरं आजारी पडली की आया त्यांना ते हुंगवायला आणू लागल्या आणि पोरं बरीही होऊ लागली. अर्गिरिसची मग बोलण्याची छाती झाली नाही. बाटलीवर छत्रीखाली पहुडलेल्या, जेमतेम कपड्यांतल्या बाईचं चित्र होतं, हे तर त्याने कल्लिरोईलासुद्धा सांगितलं नाही.

पुढे बंदरावरच्या स्काला गावात त्याने मरुसो नावाच्या पोरीला हातावर घेतलं तेव्हा त्याला धास्ती वाटली नाही. पिर्गाकी आणि स्काला यांचं एका बोकडावरून असं भांडण होतं की दोन्ही गावांत पिढ्यानपिढ्या सोयरीक झाली नव्हती. पण प्रेमात पडताना बोकड कुणाला आठवतो? मोठा झाल्यावर झान्नीसने किनाऱ्यावर छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा काढला. मरुसो तिथे पोहायला गेली आणि नंतर रोजच जायला लागली.

त्या सकाळी अर्गिरिस एका जर्मन जोडप्याला बेट दाखवायला निघाला होता, तोच कल्लिरोईचा फोन आला.

"अर्गिरी, गाडी बाजूला घे."

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. झान्नीस आणि मरुसो पापा-निकिफोरोसकडे लग्नाची तारीख काढायला गेले होते. पापा म्हणाला, एका तेलाचे आहात, चालते व्हा. पोरगी इथे माझ्या स्वयंपाकघरात बसून रडतेय. दोन पातेली घासून काढली तिने रडता रडता. काहीतरी कर!"

अर्गिरिसने गाडी बाजूला घेतली. आपल्या मुली त्याला सगळ्या सारख्या, पण झान्नीस त्याचा एकुलता एक मुलगा होता. गाडी चालवायला त्याने शिकवलं, दाढी करायला त्याने शिकवलं. त्याच्या पायाचं माप दुकानदाराला विचारावं लागत नसे. आता एक शब्द बोललं तर पोराचं लग्न होणार होतं, आणि तोच शब्द बोलला की पोर आपलं उरणार नव्हतं. मग त्याने गाडी मठाकडे वळवली. जर्मनांना मठ पाहायचाच होता, त्यामुळे ते खूश झाले.

पापा-निकिफोरोस मठाच्या अंगणात कांदे वाळत घालत होता. बाप्तिस्मा त्यानेच केला होता.

"पापा, ते तेल तेल नव्हतं."

"मग काय होतं?"

"गोऱ्या बायका वाळूत पडून अंगाला लावतात ते."

पाद्र्याच्या हातातला कांदा घरंगळत गेला. "कशासाठी लावतात?"

"काळं व्हायला."

"देवा! आणि पोरगं झालंय दुधासारखं गोरं." पाद्र्याने क्रूस केला, मग दाढीत बोटं घालून विचार केला. "हे बघ, पोराच्या कपाळावर क्रूस काढायचे थेंब मी माझ्या बाटलीतले घेतले होते. लोकांच्या तेलावर माझा भरवसा नाही, सगळे भेसळ करतात. म्हणजे बाप्तिस्मा पक्का. पण तू जे अंगभर चोळलंस ते तेलच नव्हे. मुलगा देवाचा झाला अर्गिरी, तुझा नाही झाला."

"म्हणजे लग्न होईल?"

"खुशाल होईल. पण अनेझोला तू सांगायचं. मी नाही. बिशपचा कागद आला तर मी उत्तर देईन, अनेझोची चप्पल आली तर कुठे जाऊ?"

तेवढ्यात जर्मन बाईने दोघांचा फोटो काढला. दोघंही रडवेले होते, ते तिला फार धार्मिक वाटलं.

पिर्गाकीचा रस्ता चढाचा. अर्गिरिसने तो इतक्या हळू चढवला की वाटेत एक गाढव त्यांना मागे टाकून गेलं. अनेझो दारात हरभरे निवडत होती. तिने जर्मनांना बसवलं, बश्या दिल्या, पाणी दिलं, आणि मग म्हणाली, "तोंड का असं केलंयस? दात दुखतोय?"

अर्गिरिसने डोळे मिटून सगळं सांगून टाकलं. बाटली सांगितली, सीट सांगितली, बाईचं चित्रसुद्धा सांगितलं.

चप्पल कानाजवळून गेली. दुसरी लागली.

"मेल्या! इतकी वर्षं मी त्या अंगड्याला धूप दाखवतेय! अख्ख्या गावाची पोरं हुंगून गेली!"

"बरी झाली ना पण, कीरा-अनेझो?" अर्गिरिसने आदराची हाक मारून पाहिली.

म्हातारी थांबली. हा मुद्दा तिच्या लक्षात आला नव्हता. आत जाऊन तिने देव्हाऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून परत आली.

"झाली की. म्हणजे संताला जे हाताशी सापडलं ते त्याने वापरलं. टॅक्सीत दुसरं काय सापडणार होतं त्याला? त्याचा दोष नाही." तिने हरभऱ्याचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं. "पेटी आहे तिथेच राहील. आणि बोकडाचं मी बघते. पण मग माझ्या नातवाचा नुनो कोण?"

अर्गिरिसने वाकून दोन्ही चपला उचलल्या आणि तिच्या पायाशी ठेवल्या.

"दिमोस्थेनिस!" अनेझो म्हणाली. "त्याच्याच नावाने ठरलं होतं."

"तो आलाच नव्हता, कीरा-अनेझो. त्यानंतरही कधी आला नाही."

"तू तरी कुठे आला होतास? तुला मी ओढून आणलं. आणि कान उघडे ठेवून ऐक. त्या पोराने तुला चारचौघांत पुन्हा नुनो म्हटलं ना, तर स्कालावाले पुन्हा तेलाचं उकरून काढतील आणि लग्न मोडेल. आजपासून तू त्याचा कुणी नाहीस. सगळ्यांच्या कानावर जायला हवं."

अर्गिरिसने मान डोलवली. जर्मन म्हाताऱ्याला आजींचा आवाज फार आवडला, त्याने आणखी मुरंबा मागून घेतला.

दुपारी टॅक्सी किनाऱ्यावर पोचली. झान्नीस छत्र्यांमधून धावत आला, मागून मरुसो. कल्लिरोईने तिला बसमध्ये बसवून पाठवलं होतं आणि तिच्या हाताला अजून साबणाचा वास येत होता.

"नुनो! काय म्हणाला पापा?"

"हळू बोल. लग्न कर म्हणाला." आणि अर्गिरिसने त्याला बाजूला घेऊन थोडक्यात सगळं सांगितलं.

झान्नीस आधी हसत सुटला, मग त्याचं हसू थांबलं. "म्हणजे मी तुला काय म्हणायचं?"

"बार्बा म्हण. म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला सगळे म्हणतात तसं."

"नाही म्हणणार."

"मग बस आयुष्यभर छत्र्या मोजत. म्हण!"

"बार्बा-अर्गिरी," झान्नीस म्हणाला आणि त्याने अर्गिरिसला अशी मिठी मारली की टोपी वाळूत पडली. अर्गिरिसने ती उचललीच नाही. इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं आणि इतका आनंदही झाला नव्हता, आणि दोन्ही एकदम सांभाळायची त्याला सवय नव्हती.

जर्मन बाई पाय ओले करून परत आली होती. ती कौतुकाने दोघांकडे पाहत होती. चार शब्द तिला येत होते, ते तिने जुळवले. "मुलगा? तुमचा?"

आसपासच्या खुर्च्यांवर स्कालाची निम्मी बायकामंडळी कान टवकारून पडली होती. अर्गिरिसने डोळे पुसले, छाती फुगवली आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात तो अभिमानाने ओरडला, "नाही, बाई! माझा कुणीसुद्धा लागत नाही तो!"