विकायच्या बोटीचं सागवान

बोटींच्या यार्डात तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. दुसरं काही म्हणायची कुणाची टाप होती! पन्नाशी उलटलेली, कमरेला जुन्या चादरीचा फडका, पाय कायम अनवाणी आणि जिभेला हाड म्हणून नाही. सागवानी डेक साफ करून देणं हा तिचा धंदा. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने बोटीचं लाकूड राखेसारखं करडं पडलं की लोक तोंड पाडून तिच्याकडे येत. ती गुडघ्यांवर बसे, नखाने फळी खरवडे आणि म्हणे, "रडताय कशाला? वरवरचं आहे हो. आत माल एकदम खणखणीत आहे." आणि तो तसा निघायचाही, दर वेळी.

मात्र एखादं गिऱ्हाईक बोटीवरच्या जुन्या आठवणी काढून डोळे पुसायला लागलं की तिचं डोकं फिरे. "अहो, लाकूड आहे ते. आठवणी घरी ठेवून या, इथे मला बादली ठेवायला जागा नाही." यार्डातली माणसं हे वाक्य तिच्या माघारी, तिच्याच आवाजात म्हणून दाखवत आणि पोट धरून हसत.

तर अशी ही ताई. आणि तिच्या बाबांनी बोट विकायला काढली.

बाबांनी जन्मभर चालवलेली बोट ती. पण आता गुडघे संपावर गेले होते, वर चढवायचं तर दोघांनी धरावं लागे. धाकटा भाऊ गुणी, पण त्याला लहानपणापासून बोट लागायची. धक्क्यावर उभा राहूनसुद्धा पिवळा पडायचा बिचारा. बोट नुसती बांधून पडली होती. "कुणीतरी चालवणारा मिळू दे तिला," बाबा म्हणाले, आणि हौशी असे एक दातांचे डॉक्टर मिळालेही. रविवारी बघायला येणार होते.

"ताई, डेक तेवढा तू कर," भाऊ फोनवर म्हणाला.

"करते की. त्यात काय एवढं?" असं म्हणून तिने फोन ठेवला, भांडी घासायला नळ सोडला, आणि वाहत्या पाण्याकडे बघत कितीतरी वेळ नुसती उभी राहिली.

खरं सांगायचं तर तिला ती बोट हवी होती. अगदी काळजापासून हवी होती. त्याच डेकवर ती रांगली होती, बाबांच्या मांडीवर बसून तिथेच सुकाणू धरायला शिकली होती. पण बोट मुलाची, हे घरात गृहीत धरलेलं. मुलाला नको म्हटल्यावर ती विकायची, हेही गृहीतच. आणि साऱ्या जगाला फाडफाड बोलणारी ही बाई, स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की मूग गिळून बसायची. शिवाय आठवणींवरून इतक्या लोकांची टर उडवल्यावर आता मागणार तरी कुठल्या तोंडाने?

ती कामाला लागली. डेक भिजवला, साबण पसरला आणि मऊ ब्रशने आडवं घासायला सुरुवात केली. आडवंच घासायचं असतं. फळीच्या लांबीने ब्रश मारला की हाताला सोपं जातं, पण शिरांमधलं मऊ लाकूड उकरून निघतं आणि डेक कायमचा खरबरीत होतो. नवशिक्यांना ती हे ओरडून ओरडून सांगायची. आणि आज घासता घासता तिच्याच मनात पाप आलं. कडक ब्रश घ्यावा, लांबीने चार हात मारावेत, डॉक्टर नाक मुरडून आल्या पावली परत जातील. कोण विचारणार आहे? कडक ब्रश तिने उचललासुद्धा. पण हात काही पुढे जाईना.

"मेलं हे लाकूड!" ती स्वतःवरच करवादली, आणि मऊ ब्रश परत हातात घेतला. मग काही हातचं राखलं नाही. काळा मळ धुऊन काढला, रंग उजळणारं आंबट पाणी फिरवलं, पुन्हा धुतलं, फळ्यांच्या फटींतलं सुटलेलं रबर उपसून नवं भरलं. शनिवारी डेक वाळला तेव्हा असा खुलला होता, की यार्डाचा मुकादम काम टाकून बघायला आला.

रविवारी दोघा भावंडांनी बाबांना धरून वर चढवलं आणि मागच्या बाकावर बसवलं. भाऊ लगेच धक्क्यावर उतरला. डॉक्टर बूट काढून डेकभर फिरले. "वा, वा! नवा कोरा दिसतोय की! मला पसंत आहे."

बाबांनी प्यायच्या बाटलीतलं थोडं पाणी पायाजवळच्या फळीवर ओतलं. पाणी लगेच आत मुरलं आणि तिथे गडद डाग उमटला.

"तेल नाही लावलंस," ते म्हणाले.

ताईचा शिरस्ता यार्डात सगळ्यांना ठाऊक होता. विकायच्या बोटीला मालक हट्टाने तेल लावून घेत. लाकूड थोडे दिवस झळकतं, घेणारा भुलतो आणि मग ते काळं पडायला लागतं. स्वतःकडे ठेवायच्या बोटीला मात्र ती तेलाचा थेंब लावू देत नसे.

"विसरले," ती म्हणाली.

"विसरलीस? तू?" बाबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "खरं बोल."

"मला हवीय ही बोट, बाबा. मी चालवीन. मला द्या."

"अगं ताई, मग बोलायचंस ना!" भाऊ खालून ओरडला. "मी काय अडवलं होतं तुला?"

बाबांनी काठी बाजूला ठेवली. "मला तुलाच द्यायची होती," ते म्हणाले. "पण विचारायची भीती वाटली, पोरी. 'लाकूड आहे ते' असं तू मलाही म्हणाली असतीस तर?"

ताई ओल्या फळीवर त्यांच्या पायाशी बसली आणि तिने त्यांचे दोन्ही गुडघे घट्ट धरले.

बाबांनी मान वर केली. "माफ करा, डॉक्टर. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. ही आता विकायची नाही. माझ्या मुलीने मागितलीय."