कातळापलीकडचं पाणी

मिलिटरीतून सुटून मिठबावला परत आलो तेव्हा कानात कायमची शिट्टी वाजत होती आणि अंगात शीण होता. मी सॅपर. काटेरी तारांखाली दारू भरलेल्या नळ्या एकीला एक जोडून सरकवायच्या, नाहीतर सुरुंग पेरलेल्या रानावर रॉकेटमागून स्फोटकांचा लांबलचक दोर फेकायचा. दोर फुटला की माणूस जाईल एवढी सरळ वाट पडायची. वीस वर्षं वाटा पाडल्या. कंटाळलो होतो.

घरात आम्ही दोघंच, मी आणि आई. सत्तरीतही ती शेजाऱ्यांच्या विहिरीवरून कळशी आणायची, कारण आमची विहीर शिमगा सरला की आटायची. तळाला काळा कातळ. आजोबांनी तिथंच खोदाई थांबवली होती. मी म्हटलं, फोडू.

"कातळाक हात लावू नको रे झिला," आई म्हणाली. "तेच्या पलीकडे दर्या आसा."

वीस वर्षं साहेबांचं ऐकलं, आता घरीही ऐकायचं? मी चिडलोच. परवानेवाला कंत्राटदार बोलावला. त्याने तळाशी रांगेत भोकं पाडली आणि सगळ्यांना जोडत तीच माझ्या ओळखीची स्फोटकांची दोरी फिरवली. तोही म्हणाला, "एका कडेनेच फोडूया, समुद्र जवळ आहे." मीच अडून बसलो. भोकांची रेघ अख्ख्या कातळावर घ्यायला लावली.

विहीर दणाणली. चार दिवसांत पुरुषभर पाणी चढलं. आईने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, देवाला घराण्यातल्या सगळ्यांची नावं सांगितली, माझं दोनदा. फार बरं वाटलं मला.

मे महिन्यात एका सकाळी चहात दूध नासलं. दूध बदललं, तेही नासलं. मग मी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलो. खारट. दर्याला मीच सरळ वाट पाडून दिली होती.

आईने कोपऱ्यातली कळशी उचलली आणि कमरेवर घेतली. ते मात्र मला सोसेना. कळशी हिसकावून घेतली आणि शेजाऱ्यांकडे निघालो.

"तेंच्या पायरेर शेवाळ आसा," ती मागून म्हणाली. "सांबाळून जा."