देशपांडे साहेबांचा सत्कार

माझ्या साडूचा धंदा चांगला चालतो आणि ते मला सहन होत नाही.

काही लोक अशा वेळी "आम्हाला आनंदच आहे हो!" असं म्हणतात. मीही म्हणतो. म्हणताना पोटात काहीतरी जळतं, म्हणून एकदा डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. (गोळ्या संपल्या. साडू आहे तसाच आहे.)

साडू म्हणजे दिगंबरराव. त्यांची बायको शकूताई आणि माझी बायको मंगल या सख्ख्या बहिणी. ते जाफराबादला, आम्ही भोकरदनला. माझा इथं फोटो स्टुडिओ आहे. एके काळी तालुक्यातली निम्मी लग्नं माझ्या कॅमेऱ्यातून गेली. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि मी पासपोर्ट फोटोची वाट बघत बसतो. दिगंबररावांचं वह्या-पेनांचं दुकान होतं. दुपारी दोनशे पानी वही उशाला घेऊन ते गल्ल्यामागे झोपायचे. तोवर आमचे संबंध अतिशय प्रेमाचे होते.

मग वयाच्या बावन्नाव्या वर्षी हा माणूस उठला आणि ऑनलाइन येसर विकायला लागला!

येसर म्हणजे गहू, डाळ, धने आणि मसाले भाजून केलेली पूड. आमटीत पडली की घरभर लग्नाच्या पंगतीचा वास सुटतो. करायच्या शकूताई. दिगंबरराव फक्त मोबाइलवर फोटो काढून टाकायचे. आणि काय ते फोटो! उजेड मागून, वाटी तिरकी, कोपऱ्यात स्वतःचा अंगठा! तरी पुण्याहून ऑर्डर, नाशिकहून ऑर्डर.

धावड्याला एका साखरपुड्यात मी ते डोळ्यांनी बघितलं. दिगंबरराव पंगतीत बसलेले आणि शेजारी ठेवलेला फोन दर दोन घासांना 'टिंग' करत होता. लोक जेवण सोडून तिकडं बघत होते.

"साडूभाऊ, जरा धरता का?" त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "माझे हात खरकटे हायेत. कोण हाये तेवढं बघा."

म्हणजे मी, पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला छायाचित्रकार, साडूच्या ऑर्डरी वाचून दाखवत उभा! मंगल वाढता वाढता म्हणाली, "दाजींनी या वयात किती डोकं लावलं, न्हाई?"

ते 'न्हाई' माझ्याकडे बघून होतं.

घरी येताच मी जाहीर केलं, "आपण पण ऑनलाइन धंदा करायचा."

"कशाचा?"

"येसरचा."

"तुम्हाला येसर करता येतं?"

"तुला येतं."

"मंग धंदा माझा झाला ना? तुम्ही काय करणार?"

"फोटो!" मी म्हणालो. इथंच तर मी दिगंबररावांना चीत करणार होतो.

मंगल अंगणवाडीत सेविका आहे. सकाळी पोरं, दुपारी रजिस्टरं. त्यातून वेळ काढून तिनं दोन किलो येसर करून दिलं. मी ते पितळी वाटीत भरलं, स्टुडिओतले तीन लाइट लावले आणि मागे आमचा धबधब्याचा पडदा सोडला. (दुसरा पडदा ताजमहालाचा होता. तो येसरला शोभेना.) सोनेरी अक्षरांत लेबल छापलं. 'राजवैभव येसर' असं नाव ठेवलं आणि फोटो टाकला.

पहिली प्रतिक्रिया तासाभरात आली. 'ही कुठल्या रानातली माती आहे? कपाशीला चालेल का?'

दुसऱ्याने विचारलं, 'धबधबा कुठला आहे? जायला एसटी आहे का?'

ऑर्डर मात्र एकही नाही. पंधरा दिवस फोन मुका. शेवटी मी शेजारच्या अजीजभाईंना म्हटलं, "मला एक फोन लावा बरं." अजीजभाईंची पिठाची गिरणी आहे, जोडीला मिरची-मसाल्याचं कांडप. त्यांनी फोन लावला. वाजला!

"बराबर हाय की भाऊ," अजीजभाई म्हणाले. "फोन में कुछ खराबी न्हाई."

खराबी फोनमध्ये असती तर किती बरं झालं असतं!

मग मला वाटलं, शत्रूचा माल तपासला पाहिजे. मी 'सुहास देशपांडे' या नावानं दिगंबररावांकडून पाव किलो येसर मागवलं. नंबर माझ्या दुसऱ्या सिमचा, पत्ता अजीजभाईंच्या गिरणीचा. बेत असा, की खायचं, खोट काढायची आणि खाली सणसणीत वाईट अभिप्राय लिहायचा. पाकीट आलं. मी ते गुपचूप आमच्या डब्यात ओतलं.

रात्रीच्या जेवणात मंगलने आमटीचा भुरका मारला आणि थांबली.

"आज येसर येगळं लागून राह्यलं."

"कसं?"

"आईच्या हातासारखं."

मी खोट शोधायला आणखी एक वाटी घेतली. मग तिसरी. चौथ्या वाटीला पातेलं संपलं. त्या वाईट अभिप्रायात मी फार प्रयत्नांनी एवढंच लिहू शकलो, 'पाकीट उघडायला कात्री लागते.'

आणि त्याच आठवड्यात चमत्कार झाला. माझा फोन वाजला! जालन्याहून वैशालीताई नावाच्या बाई बोलत होत्या. घरी डोहाळेजेवण होतं, त्यांना पाच किलो येसर चार दिवसांत पाहिजे होतं. पाच किलो! "मिळेल का?" असं त्यांनी विचारायच्या आधीच मी तीन वेळा "हो" म्हणालो.

मंगल म्हणाली, "माझं प्रशिक्षण लागलंय. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. पाच किलो कवा भाजू?"

"मी भाजतो."

"तुम्ही? अहो, प्रत्येक जिन्नस येगळा भाजावा लागतो. मंद आचेवर."

दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर मी विचार केला, शेवटी सगळं एकत्रच दळायचंय, मग वेगळं कशाला भाजा? मोठी कढई ठेवली, सगळं एकदम ओतलं आणि वेळ वाचावा म्हणून गॅस मोठा केला. तेवढ्यात घरापुढच्या आमच्या दुकानात आवाज आला. पासपोर्ट फोटो! महिन्यातला पहिला! मी धावत गेलो. त्या गृहस्थांना हनुवटी वर, खांदे सरळ, थोडं हसा, एवढं नका हसू, असं सांगत होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "भाऊ, आतून धूर येऊन राह्यला."

घर दिसत नव्हतं! अजीजभाई बादली घेऊन धावत आले आणि पाणी कढईत न टाकता माझ्यावर टाकलं. (घाईत माणसाचा हात योग्य ठिकाणीच जातो.) गृहस्थ फोटो न काढताच पळाले. कढईतलं जे काही होतं ते मी अजीजभाईंच्या कांडपावर नेलं. म्हटलं, दळल्यावर रंग सुधारेल.

अजीजभाईंनी चिमूटभर पूड तळहातावर घेतली, उजेडात धरली.

"भाई, ये येसर न्हाई. ये सुरमा हाय."

आता काय करणार? मंगलला सांगावं तर "दाजींनी कधी जाळलं न्हाई" हे ऐकावं लागणार. जालन्याच्या बाईंना नाही म्हणावं तर आयुष्यातली एकुलती ऑर्डर जाणार. मी दुसरं सिम काढलं आणि 'सुहास देशपांडे' या नावानं दिगंबररावांकडे पाच किलो येसर मागितलं. अर्जंट!

माल दुसऱ्याच दिवशी जाफराबादच्या जीपमधून गिरणीवर उतरला. एकेक किलोच्या पाच पिशव्या. मी दार लावून त्या माझ्या सोनेरी लेबलाच्या पिशव्यांमध्ये उलट्या केल्या, तोंडं चिकटवली आणि जालन्याच्या गाडीनं पाठवून दिल्या. दिगंबररावांचा माल माझ्या नावानं जातोय, याची लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, गुदगुल्या झाल्या.

तीन दिवसांनी दिगंबररावांचा फोन.

"साडूभाऊ, तुमच्या गावात सुहास देशपांडे कोण हायेत?"

मी दुकानाचं दार लोटून घेतलं. "का हो?"

"लई मोठं गिऱ्हाईक! एकदम पाच किलो! आम्ही अशा गिऱ्हाइकांचा शाल-नारळ देऊन सत्कार करतो, फोटो पेजवर टाकतो. रविवारी मी अन् शकू येऊन राह्यलो. गिरणीचा पत्ता हाये. तुम्ही कॅमेरा घेऊन या. घरचा फोटोग्राफर असताना बाहेरचा कशाला?"

मी अजीजभाईंकडे पळालो. "भाई, सांगा की देशपांडे साहेब बाहेरगावी गेले."

"मैं झूठ न्हाई बोलता," अजीजभाई म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "एक बार बोलूंगा. बस एकच बार."

रविवारी गिरणीवर डबे घेऊन आलेल्या बायांची रांग होती. दिगंबरराव इस्त्रीचा शर्ट घालून, हातात शाल-नारळ. शकूताई आणि मंगल शेजारी शेजारी. मी गळ्यात कॅमेरा अडकवून त्यांच्या मागे.

"देशपांडे साहेब कुठं हायेत?" दिगंबररावांनी विचारलं.

"बाहरगाव गेले," अजीजभाई जमिनीकडे बघत म्हणाले. त्यांचा कोटा संपला.

"असं कसं? थांबा, फोन लावतो."

मी म्हणालो, "राहू द्या, कशाला त्यांना त्रास," पण तोवर नंबर लागला होता. आणि माझ्या पँटच्या खिशात फोन वाजायला लागला. सत्कारासाठी गिरणी बंद ठेवली होती. पट्टा बंद, मोटार बंद. त्या शांततेत तो जो वाजला!

मी खिशावर हात दाबला. बंद झाला. दिगंबररावांनी परत लावला. परत वाजला.

"उचला की!" मंगल म्हणाली. "कधी न्हाई ते वाजून राह्यला."

मी उचलला. दिगंबरराव माझ्यापासून तीन हातांवर उभे होते. फोनमध्ये म्हणाले, "देशपांडे साहेब का?"

मी त्यांच्याकडे बघत फोनमध्ये म्हणालो, "हो."

"मी जाफराबादहून दिगंबर बोलतोय."

"दिसतंय."

रांगेतल्या बाया डबे खाली ठेवून बघत होत्या. दिगंबररावांनी फोन कानावरून काढला. "तुम्हीच मागवलं? पाच किलो? कशाला?"

त्या क्षणी दोनच रस्ते होते. पिशव्या बदलल्याचं कबूल करायचं, नाहीतर...

"आवडलं म्हणून," मी म्हणालो.

"पाच किलो?"

"लईच आवडलं."

दिगंबररावांचे डोळे भरून आले! "अहो, मंग सांगायचं ना! घरचं माणूस, नाव बदलून मागवतं व्हय?" असं म्हणत त्यांनी भर गिरणीत माझ्या अंगावर शाल टाकली आणि हातात नारळ दिला. मंगलने त्यांचा मोबाइल घेऊन फोटो काढला. तेव्हा शकूताई पुढे आल्या. त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. कागदाला येसर लागलेलं होतं.

"वसंतराव, आम्ही किलोच्या पिशवीत मधोमध चिठ्ठी घालतो. 'घरच्या हातचं आहे, आपली शकुंतला.' जालन्याच्या वैशाली माझ्या नणंदबाई. मीच सांगितलं व्हतं त्यांना, मंगलच्या घरून घ्या म्हणून. त्यांना तुमच्या सोनेरी पिशवीत ही सापडली अन् त्यांनी मला धाडली."

मंगलने माझ्याकडे बघितलं. मी नारळाकडे.

"करपलं," मी म्हणालो. "माझ्याकडून सगळं करपलं. अन् ऑर्डर सोडवली न्हाई." मग शाल अंगावर असतानाच का कोण जाणे, खरं तेही तोंडातून निघून गेलं. "तुमचा फोन वाजतो, दिगंबरराव. माझ्या दुकानाकडं कुणी बघत पण न्हाई. मला सहन झालं न्हाई."

तेवढ्यात त्यांचा फोन मंगलच्या हातात 'टिंग' झाला. पहिल्यांदाच त्यांनी तिकडं बघितलं नाही.

"साडूभाऊ," ते हळूच म्हणाले, "सासरच्या लग्नांत तुम्ही कॅमेरा घेऊन मांडवात फिरायचे. नवरदेवापेक्षा तुम्हाला मान. सासरेबुवा तुम्हाला आधी चहा द्यायचे. मी कोपऱ्यात बसून बघत व्हतो. वीस वर्षं जळलो मी तुमच्यावर."

वीस वर्षं! मला काय वाटलं ते सांगू का? मी ओशाळलो, रडवेला झालो आणि आतून इतका खूष झालो, की एवढा आनंद मला पाच किलोच्या ऑर्डरीनंही झाला नव्हता. मी म्हटलं, "खरंच? वीस?"

"एकवीस," शकूताई म्हणाल्या. "घरी रोज ऐकायची मी."

सगळे हसले. अजीजभाईंनी मोटार सुरू केली आणि रांग पुढे सरकली. तोडगा मंगलने काढला. येसर दोघी बहिणींनी मिळून करायचं, एकाच नावानं, आणि मालाचे फोटो मी काढायचे. धबधब्याशिवाय! दिगंबररावांनी पाठीवर थाप मारून ते मान्य केलं.

आता मी रीतसर ऑनलाइन धंद्यात आहे. माझे फोटो पेजवर असतात आणि ते चांगले आहेत. पण लोकांनी शेकड्यांनी पसंत केलेला फोटो एकच, मंगलने गिरणीत काढलेला. तिरका, उजेड मागून, माझे डोळे मिटलेले, हातात नारळ. खाली मजकूर, 'आमचे समाधानी ग्राहक.' त्यानंतर ऑर्डरी वाढल्या आणि अंगणवाडीतल्या आयाही मंगलला म्हणायला लागल्या, "ताई, आमच्या पोराचा पण एक काढा ना!"

मला आनंदच आहे.

परवा दुकानात फेटेवाले एक म्हातारबाबा आले. म्हणाले, "फोटो काढायचाय." मी चटकन उठलो, स्टूल पुसलं, तिन्ही लाइट लावले, पडदा सारखा केला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हटलं, "बाबा, हनुवटी जरा वर."

बाबांनी हनुवटी वर केली, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि विचारलं,

"बाई न्हाईत का?"

मी मंगलला हाक मारली आणि लाइट धरून बाजूला उभा राहिलो.